संधाय संभाषा : समानधर्मी व्यावसायिक संघटनांचे सहकार्य
(नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास)

प्रस्तावना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे सविस्तर वर्णन आलेले आहे. एका विद्येच्या जाणकाराने त्याच विद्येच्या दुसऱ्या जाणकाराशी चर्चा करावी. त्यायोगे ज्ञान वाढते, संशय फिटतो आणि ऐकलेले दृढ होते, असा त्याचा आशय आहे. या संभाषेचे दोन प्रकार आचार्यांनी सांगितले. स्नेहभावाने, एकमेकांस समजून घेण्यासाठी केलेली ती संधाय संभाषा. प्रतिपक्षास जिंकण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा. पहिल्या प्रकारात निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, आपला पराभव होईल या भीतीने बिचकू नये आणि समोरच्यास निरुत्तर केल्याचा आनंदही मिरवू नये, असा दंडक आहे.

हा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचला व त्यावर प्रश्नही सोडविले. परंतु पदवी घेऊन व्यवसायात आल्यावर आपल्या वाट्यास यांपैकी कोणती संभाषा अधिक आली, याचा प्रामाणिक विचार केला तर उत्तर फारसे सुखावह नाही. वैद्यांच्या संघटना, औषधविक्रेत्यांच्या संघटना, आधुनिक वैद्यकाच्या संघटना, औषधनिर्माणशास्त्राच्या व वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांच्या परिषदा या सर्व आपापल्या जागी कार्यरत आहेत. प्रत्येकीचे अधिवेशन होते, स्मरणिका निघते, ठराव होतात. मात्र ज्या एका रुग्णासाठी हे सर्व चालले आहे, त्याच्याविषयी या संघटना एकत्र बसून बोलल्या आहेत असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

प्रस्तुत लेखात या सहकार्याची शास्त्रीय बैठक, त्याच्या अभावी काय घडते याचे अलीकडील उदाहरण, सहकार्य साधल्यावर काय घडते याचे दुसरे उदाहरण आणि नांदेड-लातूर परिसरात आपण काय करू शकतो, या चार मुद्द्यांचा ऊहापोह करण्याचे योजिले आहे.

शास्त्राधार

सहकार्य ही आजच्या व्यवस्थापनशास्त्राने शिकविलेली नवी गोष्ट आहे, असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या प्रभाषणीय अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या शास्त्रात प्रसंगाने आलेले अन्य शास्त्रांचे विषय त्या त्या शास्त्राच्या जाणकारांकडूनच समजून घ्यावेत. कारण सर्व शास्त्रे एकाच शास्त्रात सामावणे शक्य नाही आणि एकच शास्त्र शिकणाऱ्यास शास्त्राचा निश्चय होत नाही. वनस्पतीची ओळख वनस्पतितज्ज्ञाकडून, औषधाच्या साठवणुकीचे व स्थैर्याचे ज्ञान औषधनिर्माणतज्ज्ञाकडून आणि यकृताच्या तपासण्यांचा अन्वयार्थ त्या विषयाच्या चिकित्सकाकडून घेण्यात वैद्यास कोणतेही उणेपण नाही. उलट तो आचार्यांचा आदेशच आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यातील द्रव्य हा पाद आज बहुतांशी आपल्या हातात राहिलेला नाही. आपल्या गुरुजनांच्या पिढीतील अनेक वैद्य गुळवेल स्वतः कापून आणीत, काढा स्वतः सिद्ध करीत. आज आपण चिठ्ठी लिहितो. द्रव्य औषधनिर्मात्याच्या कारखान्यातून, ठोक व्यापाऱ्याच्या गोदामातून, काष्ठौषधींच्या दुकानातून किंवा औषधविक्रेत्याच्या फळीवरून रुग्णाच्या हाती पडते. म्हणजेच चतुष्पादातील एक पाद आपल्याकडून दुसऱ्या व्यवसायाकडे गेला आहे. त्या व्यवसायाशी आपला संवाद नसेल, तर चिकित्सा तीन पायांवर उभी राहते.

याच संहितेच्या आरंभी आणखी एक महत्त्वाचे विधान आहे. शेळ्या-मेंढ्या व गाई चारणारे आणि वनात राहणारे लोक वनस्पती नावाने व रूपाने ओळखतात. परंतु केवळ नाव-रूप जाणल्याने त्यांचा योग जाणता येत नाही. हे विधान आपण वैद्याच्या श्रेष्ठत्वाचे म्हणून वाचतो. त्याची दुसरी बाजू अशी की, नाव व रूप जाणणारा वेगळा आणि योग जाणणारा वेगळा असू शकतो, हे आचार्यांनी मान्य केले आहे. किनवट-माहूरच्या रानातून बेहडा, बिब्बा, चारोळी आणि डिंक गोळा करणाऱ्या गोंड, कोलाम व आंध बांधवांस नाव-रूपाचे जे ज्ञान आहे, ते आपल्यापैकी किती जणांस आहे? दोन्ही ज्ञाने एका ठिकाणी आल्याशिवाय औषध पूर्ण होत नाही.

गुडुचीचा वाद : विगृह्य संभाषेचे उदाहरण

कोविडच्या साथीत, ६ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्र शासनाने आयुर्वेद व योग यांवर आधारित राष्ट्रीय चिकित्सा-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत गुडुची व अश्वगंधा यांचा समावेश होता. मात्र त्याआधीपासूनच घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला होता. वैद्यास न विचारता, मात्रा व काल न पाहता, कुंपणावर वाढलेली कोणतीही वेल गुळवेल समजून उकळली जात होती. आपल्या भागातील चित्र याहून निराळे नव्हते.

सन २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत आपल्या शास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आलेल्या या रुग्णांनी गुळवेलीचे सेवन केले होते व त्यांच्या यकृतास इजा झाली होती, असे त्यांचे निरीक्षण होते. ७ जुलै २०२१ रोजी आयुष मंत्रालयाने त्यास उत्तर दिले. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याचे परीक्षण लेखकांनी केलेले नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या गुडुचीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल घेतली गेली असण्याची शक्यता आहे, असा या उत्तराचा रोख होता. पुढे २०२२ मध्ये देशभरातील १३ केंद्रांवरील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंत्रालयाने गुडुची सुरक्षित असल्याचे पुन्हा सांगितले.

या वादात कोणाचा पक्ष बरोबर, याचा निवाडा करण्यासाठी हा लेख नाही. आमचे लक्ष वादाच्या पद्धतीकडे आहे. अभ्यास प्रामुख्याने यकृततज्ज्ञांनी केला व त्यांच्याच नियतकालिकात छापला. उत्तर आयुषच्या व्यासपीठावरून आले. रुग्णाने काढा किती दिवस, कोणत्या मात्रेत व कोणत्या प्रकृतीत घेतला, हे विचारणारा वैद्य पहिल्या बाजूस रुग्णशय्येजवळ नव्हता. आणि रुग्णाच्या तपासण्या प्रत्यक्ष पाहिलेला चिकित्सक दुसऱ्या बाजूच्या उत्तरात नव्हता. वेलीची ओळख पटविणे हा वादाचा गाभा होता, पण गावोगावच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडे वेलीचा तुकडा घेऊन कोणी गेले नाही. दोन्हीकडच्या संघटनांनी आपापल्या सभासदांस आपलीच बाजू समजावून सांगितली. रुग्णाच्या मनात मात्र दोन्ही बाजूंविषयी संशय उरला.

आमच्या चिकित्सालयातील एक प्रसंग

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आमचाच एक प्रसंग येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सन २०२१ च्या पावसाळ्यात ग्रामीण भागातील पन्नाशीच्या एक रुग्णा कावीळ घेऊन आमच्याकडे आल्या. अडीच महिने रोज सकाळी त्या गुळवेलीचा काढा घेत होत्या. त्याच काळात गुडघेदुखीसाठी एका औषधाच्या दुकानातून आणलेल्या कॅप्सूलही चालू होत्या. मधुमेहाची गोळी पूर्वीपासून होतीच. आम्ही केसपेपरवर लिहिले ते एवढेच : 'काढा चालू'.

कावीळ वाढल्याने मुलाने त्यांना शहरातील एका रुग्णालयात दाखल केले. तेथे सर्व औषधे बंद करण्यात आली आणि सुटीच्या कागदावर 'आयुर्वेदिक औषधामुळे यकृतास इजा' असा शेरा पडला. कोणते औषध, कोणत्या मात्रेत, हे त्यातही नव्हते. तो कागद पाहून आमचा संताप झाला. संघटनेच्या मासिक बैठकीत आम्ही तो सर्वांना दाखविला. निषेधाची तीव्र भाषणे झाली, त्यात आमचेही एक होते. परंतु त्या रुग्णालयातील तज्ज्ञांस दूरध्वनी करून 'आपण दोघे मिळून हे पाहू या' असे आमच्यापैकी एकानेही म्हटले नाही.

तीन आठवड्यांनी राग ओसरल्यावर आम्ही मुलास वेलीची फांदी आणावयास सांगितले. त्याने आईच्या काळजीने ती वेल केव्हाच मुळासकट उपटून जाळली होती. कॅप्सूलचे रिकामे पाकीटही उरले नव्हते आणि दुकानात त्या विक्रीची नोंद नव्हती. रुग्णा सुदैवाने बऱ्या झाल्या. परंतु त्यांना इजा गुळवेलीने झाली, दुसऱ्याच कोणत्या वेलीने झाली, कॅप्सूलमुळे झाली की साध्या विषाणुजन्य काविळीचाच तो प्रकार होता, हे आज कोणीही सांगू शकत नाही. पुढे त्यांच्या गावातील अनेकांनी सर्वच काढे सोडले, तर काहींनी तीच वेल दुसऱ्या कुंपणावरून आणून काढा चालू ठेवला. दोन्ही गोष्टी अज्ञानातून घडल्या आणि त्या अज्ञानात आमचा वाटा होता.

सहकार्य साधल्याचे उदाहरण

आता याच गुडुचीची दुसरी कथा पाहू. विज्ञान व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय योजनेखाली, पुणे येथून समन्वय करून, गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदीय औषधांचा मोठा अभ्यास झाला. त्यात संधिवाततज्ज्ञ, वैद्य, औषधनिर्माणशास्त्राचे व वनस्पतिरसायनाचे अभ्यासक एकत्र होते. शुंठी व गुडुची यांच्या पायावर बेतलेल्या योगांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी ४४० रुग्णांत २४ आठवडे करण्यात आली. सन २०१३ मध्ये हा अभ्यास 'रुमॅटॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत आयुर्वेदीय औषधे प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. आयुर्वेदीय गटातील काही रुग्णांत कोणतेही लक्षण नसताना एस.जी.पी.टी. या यकृततपासणीचे मान वाढलेले आढळले. सात रुग्णांचे औषध थांबविण्यात आले आणि त्यानंतर ते मान पूर्ववत झाले. ही गोष्ट लपविली गेली नाही व तिचा बाऊही केला गेला नाही. औषध उपयुक्त आहे आणि काही रुग्णांत यकृताकडे लक्ष ठेवावे लागते, ही दोन्ही विधाने एकाच लेखात शेजारी शेजारी छापली गेली.

२०२१ च्या वादाच्या आठ वर्षे आधी ही सूचना मिळालेली होती. वैद्य व आधुनिक चिकित्सक एकाच टेबलाशी बसल्यामुळे ती मिळाली. तीच माहिती तालुक्यातील वैद्यापर्यंत व औषधविक्रेत्यापर्यंत पोहोचली असती, तर दीर्घकाल गुळवेल घेणाऱ्या रुग्णाची एक साधी रक्ततपासणी करून घेण्याचे आमच्याही ध्यानात आले असते. शास्त्रज्ञांचे सहकार्य झाले. संघटनांचे झाले नाही म्हणून ज्ञान खाली उतरले नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासातही असे दाखले आहेत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्चरक्तदाबावरील उपयोग ५० रुग्णांत तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडला व सर्पगंधा जगभर पोहोचली. त्रिकटूवरील संशोधनातून जम्मूच्या प्रयोगशाळेने पिप्पली-मरिचातील पायपेरिनचा योगवाही गुण सिद्ध केला. पुढे २००९ मध्ये क्षयरोगावरील रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवून त्यास पायपेरिनची जोड दिलेले औषध बाजारात आले. योगवाही ही संकल्पना वैद्याची, मोजमाप औषधशास्त्रज्ञाचे आणि निर्मिती उद्योगाची. यांपैकी एक जरी वगळला तरी ते औषध झाले नसते.

द्रव्यनिश्चिती : सर्वांचा समान विषय

संघटनांनी एकत्र येऊन कोणत्या विषयापासून आरंभ करावा? आमच्या मते द्रव्यनिश्चिती हा विषय सर्वांत योग्य आहे. त्यात कोणाच्याही अधिकाराचा वाद नाही आणि प्रत्येकाकडे देण्यासारखे काही आहे. पुढील उदाहरणे पाहावीत.

१. गुडुची : टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचे पान हृदयाकार व लवरहित, पक्व फळ लाल व गोल. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व फळ लांबट असते. सायनेन्सिस या तिसऱ्या जातीच्या पानाच्या मागील बाजूस दाट लव असते. वेल ताजी असता हा भेद दहा मिनिटांत शिकता येतो. वाळलेल्या तुकड्यांत किंवा चूर्णात मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय काही कळत नाही.

२. रास्ना : आयुर्वेदीय औषधकोशाने प्लुचिया लॅन्सिओलाटा ही वनस्पती स्वीकारली आहे. दक्षिणेत रास्ना म्हणून अल्पिनिया गलंगा म्हणजे कोळिंजनाचा कंद वापरतात, तर बंगालमध्ये व्हॅन्डा ही झाडावर वाढणारी ऑर्किड वनस्पती. महारास्नादि काढ्याच्या बाटलीवर 'रास्ना' एवढेच लिहिले असेल, तर आपण कोणती वनस्पती देत आहोत?

३. दारुहरिद्रा : हिमालयातील बर्बेरिस व दक्षिणेतील कॉसिनियम ही दोन्ही काष्ठे पिवळी आणि दोन्हींत बर्बेरिन असते. रंगावरून परीक्षा करणारा येथे हमखास फसतो.

४. अशोक : सराका अशोका हा खरा अशोक. शाळेच्या आवारात व रस्त्याच्या कडेस उंच सरळ वाढणारे, ज्यास आपण अशोकच म्हणतो, ते झाड वेगळ्या कुळातील आहे. त्याच्या सालीची भेसळ होते हे सर्वज्ञात आहे.

५. ब्राह्मी व शंखपुष्पी : ब्राह्मी म्हणून बॅकोपा व मंडूकपर्णी या दोन्ही विकल्या जातात. शंखपुष्पीच्या नावाखाली निदान तीन वनस्पती प्रचारात आहेत.

नावाच्या घोटाळ्याची किंमत किती मोठी असू शकते, हे बेल्जियमने दाखवून दिले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्स येथे वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींत स्टेफानियाऐवजी नामसाधर्म्यामुळे अॅरिस्टोलोकिया ही वनस्पती गेली. शंभराहून अधिक रुग्णांच्या मूत्रपिंडांस गंभीर इजा झाली. लिहून देणारे डॉक्टर होते, विकणारे औषधविक्रेते होते. वनस्पती ओळखणारा मात्र मधल्या साखळीत कोणीच नव्हता.

आपल्या परिसरातील सामर्थ्य

मराठवाडा मागास म्हणून हिणविला जातो. पण या कामासाठी लागणारी बहुतेक साधने आपल्या दोन जिल्ह्यांतच आहेत. नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि शासनाची आयुर्वेद व युनानी रसशाळाही आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे व जीवशास्त्राचे विभाग आहेत. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. लातुरात चन्नबसवेश्वर व दयानंद यांसारख्या औषधनिर्माणशास्त्राच्या संस्था आहेत. शेजारी परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या पायाखालच्या वनस्पतींची ही शास्त्रीय सूची आपल्यापैकी किती वैद्यांच्या कपाटात आहे? आम्ही स्वतः ती पहिल्यांदा हाताळली, ती व्यवसायाची अनेक वर्षे उलटल्यावर.

नोंदणीची व्यवस्थाही अस्तित्वात आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झाला. पुढे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आले. आधुनिक औषधांसाठी २०१० पासून स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम असून त्याचे समन्वयन गाझियाबादच्या औषधकोश आयोगाकडे आहे. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी योग्यच आहेत. अडचण आहे ती दोन्ही प्रकारची औषधे घेणाऱ्या रुग्णाची. आणि आपल्या भागातील बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे आहेत. गुग्गुळामुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, हे १९९४ मध्येच मुंबईच्या अभ्यासकांनी दाखविले होते. असा रुग्ण समोर आला तर नोंद कोणत्या तक्त्यात करावी, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी एकत्र बसूनच द्यावे लागेल.

कृतिकार्यक्रम

आजवर संयुक्त मेळावे झाले नाहीत असे नाही. व्यासपीठावर सर्व संघटनांचे अध्यक्ष बसले, शाल-श्रीफळ झाले, एकीचे महत्त्व विशद झाले आणि भोजनानंतर सर्व घरी गेले. सत्कारावर उभे राहिलेले सहकार्य टिकत नाही. एखादे लहान परंतु नेमके काम हाती असेल तरच ते टिकते. म्हणून पुढील सूचना विचारार्थ मांडीत आहोत.

१. समन्वय मंडळ : वैद्य, औषधविक्रेते, आधुनिक चिकित्सक, औषधनिर्माण-अध्यापक व वनस्पतिशास्त्र-अध्यापक यांच्या संघटनांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी दोन वर्षांसाठी द्यावेत. बैठक तीन महिन्यांनी, आलटून पालटून नांदेड व लातूर येथे. कायम अध्यक्ष नसावा. यजमान संघटनेने त्या दिवसापुरते कामकाज चालवावे.

२. वर्ज्य विषय : शस्त्रक्रियेचे अधिकार, आधुनिक औषधे वापरण्याचे अधिकार, शुल्क व कमिशन हे विषय या टेबलावर आणू नयेत. नोव्हेंबर २०२० मधील शस्त्रक्रियाविषयक अधिसूचनेनंतर ११ डिसेंबर २०२० रोजी आधुनिक चिकित्सकांचा देशव्यापी संप झाला, हे आपण विसरलेलो नाही. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांची जागा न्यायालय व शासनदरबार ही आहे. येथे बोलावयाचे ते केवळ द्रव्य व रुग्ण यांविषयी.

३. वनस्पतिसंग्रह : दर बैठकीस एक द्रव्य घ्यावे. प्रत्येकाने आपण वापरतो किंवा विकतो तो नमुना आणावा. वनस्पतितज्ज्ञाने ओळख पटवावी. दाबून वाळविलेली फांदी, स्थळ, दिनांक व क्रमांक यांसह एखाद्या महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवावी. मतभेद राहिल्यास नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पाठवावा. वर्षास चार द्रव्ये झाली तरी पाच वर्षांत वीस द्रव्यांचा विश्वासार्ह संग्रह उभा राहील.

४. एकपानी नोंद : औषधामुळे त्रास झाल्याचा संशय येताच भरावयाचा एकच कागद सर्वांनी वापरावा. त्यात रुग्णाचे वय व लिंग, चालू असलेली सर्व औषधे (काढे व घरगुती उपाय यांसह), मात्रा, आरंभदिनांक, बॅच क्रमांक, त्रासाचे स्वरूप व उपलब्ध तपासण्या असाव्यात. उरलेले औषध किंवा वेलीची फांदी त्याच दिवशी कागदी पाकिटात बंद करून ठेवावी. रुग्णाचे नाव गुप्त राहावे. मंडळाने ती नोंद योग्य त्या राष्ट्रीय केंद्राकडे पाठवावी.

५. परस्परपत्र : रुग्ण एका चिकित्सकाकडून दुसऱ्याकडे जाताना, मग तो कोणत्याही शास्त्राचा असो, चार ओळींचे पत्र द्यावे आणि पत्रास उत्तर द्यावे. हा नियम साधा आहे, पण आमच्या वर उल्लेखिलेल्या प्रसंगात एवढ्याने सर्व चित्र पालटले असते.

औषधविक्रेत्या बांधवांसाठी

या कार्यात औषधविक्रेत्यांचे स्थान मध्यवर्ती आहे. कारण रुग्ण आपल्याला जे सांगत नाही, ते विक्रेत्यास ठाऊक असते. आयुर्वेदीय औषधांच्या केवळ विक्रीसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी विक्रीची नोंदही राहत नाही. कायदा मागत नसला तरी आपल्याच हितासाठी पुढील तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, प्रत्येक विक्रीच्या पावतीवर बॅच क्रमांक घालावा. दुसरी, सुट्या काष्ठौषधी खरेदी करताना व्यापारी नावाबरोबर संस्कृत व शास्त्रीय नाव आणि पुरवठादाराचे नाव वहीत लिहावे. तिसरी, प्रत्येक नव्या मालातील मूठभर नमुना, तो माल संपल्यावरही सहा महिने, तारखेसह बाजूस ठेवावा.

नोंद केल्याने आपल्या मालाची बदनामी होईल, अशी शंका काही बांधवांनी आमच्याकडे व्यक्त केली. ती समजण्यासारखी आहे. परंतु नोंद म्हणजे आरोप नव्हे. ती संशयाची सूचना असते आणि कारणाचा निश्चय तज्ज्ञांकडून नंतर होतो. शिवाय ज्याच्याकडे नमुना व वही आहे, तोच आपला माल शुद्ध होता हे सिद्ध करू शकतो. नोंद नसलेल्या दुकानदाराजवळ स्वतःच्या बचावासाठी काहीही नसते. ही गोष्ट वैद्याच्या केसपेपरलाही तितकीच लागू आहे.

काही आक्षेप

'आधुनिक चिकित्सकांच्या संघटना आमच्याशी बसणारच नाहीत,' असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतील. संपूर्ण संघटना कदाचित प्रथम येणार नाही. परंतु दोन-चार समंजस व्यक्ती प्रत्येक गावात असतात. कोविडच्या काळात शासकीय केंद्रांत दोन्ही शास्त्रांचे पदवीधर एकाच पाळीत, एकाच प्रकारचा संरक्षक पोशाख घालून उभे होते. तेव्हा बोलणे शक्य झाले, तर आताही व्हावे. दुसरा आक्षेप असा की, आपल्या औषधांचे दोष आपणच जगासमोर का मांडावेत? भल्लातक, वत्सनाभ, कुचला यांचे विषगुण व शोधनविधी स्वतःच्याच ग्रंथांत तपशीलवार लिहून ठेवणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. पूर्वाचार्यांस जी भीती वाटली नाही, ती आपणांस का वाटावी? तिसरा आक्षेप वेळेचा. तीन महिन्यांतून एक दुपार हा त्याग फार मोठा नव्हे.

उपसंहार

संघटना ही सभासदांच्या हिताच्या रक्षणासाठी असते, हे खरे. परंतु वैद्यसंघटनेचे अंतिम हित रुग्णाच्या विश्वासात आहे आणि तो विश्वास कोणतीही एक संघटना एकटी राखू शकत नाही. त्या रुग्णेच्या मुलाने आम्हांस विचारले होते, "डॉक्टरसाहेब, मग आता आईनं गुळवेल घ्यायची की नाही?" आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. रुग्णालयातील तज्ज्ञांजवळही ते नव्हते. कारण उत्तराचा एक भाग त्यांच्या तपासण्यांत होता, एक भाग आमच्या शास्त्रात, एक भाग दुकानाच्या न लिहिलेल्या वहीत आणि एक भाग जळून गेलेल्या त्या वेलीत.

येत्या तिमाहीत आपल्या शाखांनी निदान पहिली बैठक बोलवावी आणि पहिले द्रव्य म्हणून गुडुचीच घ्यावी, असे आम्ही सुचवितो. प्रत्येकाने आपल्या अंगणातील, दुकानातील वा शेताच्या कुंपणावरील एक एक फांदी सोबत आणावी. त्या एका टेबलावर किती प्रकारच्या 'गुळवेली' जमतात, ते सर्वांनी मिळून पाहावे. संधाय संभाषेचा आरंभ त्यातूनच होईल, असा विश्वास व्यक्त करून हा लेख पूर्ण करतो. वाचकांनी आपले अनुभव व मतभेद निःसंकोचपणे कळवावेत, ही विनंती.